आक्का, तुझी ओटी भरली कुणी?

आक्का, मालक तुझ्या मयताला येऊन रडले, तेव्हाच मला शंका आली.

चांगले हुंदके देऊन रडले. रुमालानं डोळे पुसले, तुझ्या मंगलच्या डोक्यावर हात ठेवला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या घरातलं माणूस गेलं." मी तुझ्या उशाशी बसले होते. तुला हे शब्द फार प्रिय. 'घरातलं माणूस' म्हटलं की तू विरघळायचीस आणि मी चिडायचे. घरातल्या माणसाला जादा कामाचा पगार मागता येत नाही, हक्कानं रजा घेता येत नाही, आणि वय झालं, उद्यापासून येऊ नको, असं सांगितलं की घरातल्या माणसाला ग्रॅच्युइटी द्यावी लागत नाही. त्यांच्या साड्यांच्या कारखान्यात मागावरचे पुरुष तेवढे कामगार. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या आपण बायका घरातल्या.

जाताना त्यांनी मंगलच्या हातात एक पाकीट ठेवलं, दिवसकार्याला म्हणून. ते वळणावर दिसेनासे होताच मी तिला मोरीकडं ओढलं.

"सही घेतली का गं कशावर?"

"न्हाय मावशी."

"अंगठा? मोबाईलवर फोटो?"

"मावशी, आई अजून दारात हाय गं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मीही रडले. पण पाकीट परत पाठवायला लावलंच. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ह्या सुमीला देवळातल्या अंगाऱ्याचाबी संशय येतोय." येतो. पंधरा दिवसांवर कामगार ऑफिसातली आपली तारीख होती. अर्जावर तुझं नि माझं नाव होतं आणि ज्यांच्यावर अर्ज केला ते गृहस्थ तुझ्या तिरडीपाशी उभे राहून रडत होते. अशा वेळी संशय येणार नाही तर कधी येणार?

खरं सांगू? मला त्या दिवशी सगळ्यात जास्त संशय तुझाच होता.

मी गुंजीकडची पोर. लग्न होऊन वडगावात आले आणि महिनाभरात कारखान्यात लागले. पहिल्या दिवशी मागांच्या खडखडाटानं माझं डोकं उठलं, दुपारी घरी पळून जायला निघाले. तू मला पदराला धरून परत बसवलंस. "आवाजाकडं लक्ष देऊ नगं. सुताकडं बघ. सूत तुटलं की हात आपोआप जातोय बघ." सुताची गाठ इतकी बारीक मारायची की साडीत ती बोटाला लागू नये, हे तूच शिकवलंस. माझी गाठ मोठी झाली की कांडी उलगडून पुन्हा भरायला लावायचीस. आपण दोघी शेजारी शेजारी बसून म्हाताऱ्या झालो. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तू माझं काम ओढलंस आणि वर तुझ्या हातची लसणाची चटणी डब्यातून पाठवलीस. तुझं हे ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही. आता बोलतेय तर ऐकायला तू नाहीस, आणि याचाही मला रागच येतोय.

पण आपलं कधी जुळलं म्हणशील तर तेही नाही. तुझा सगळ्यांवर विश्वास, माझा कुणावर नाही. दिवाळीला पुरुषांना बोनस मिळायचा आणि आपल्याला कारखान्यातलीच एक साडी. एका वर्षी मी साडी उजेडात धरून तपासली. काठ एका जागी चुकला होता.

"बघ," मी म्हटलं, "गिऱ्हाईक घेईना म्हणून आपल्या गळ्यात मारलीया."

तू तीच साडी नेसून दुसऱ्या दिवशी आलीस. "चुकलेला काठ निऱ्यांत जातोय गं. कुणाला दिसतोय?"

तुझं आयुष्यभर हेच. जे चुकलं ते निऱ्यांत घालायचं.

खंडेनवमीची रीत तुला सांगायला नको. पण मला ती एकदा नीट मांडायची आहे, कारण सगळं तिथंच येऊन अडलं. त्या दिवशी माग थांबायचे. पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पूजा व्हायची आणि मागांपुढं एक दिवा लागायचा. दसरा उलटून मुहूर्तावर माग पुन्हा सुरू होईपर्यंत तो दिवा विझू द्यायचा नाही, ही त्या घराची पद्धत. पूजा झाली की मालक खाली पुरुषांना नारळ आणि टॉवेल द्यायचे. आपण बायका वर घरात जायचो. मालकीण, म्हणजे वैनी, एकेकीला पाटावर बसवून ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ. फोटोवाला यायचा. खालचेही फोटो काढायचा, वरचेही. ओटीचा पदर सावरत आपण त्याच्याकडं बघून हसायचो. एरवी आपल्याला बस म्हणणारं त्या घरात कोण होतं? वर्षातून एक दिवस पाट मिळायचा.

तुझा नवरा गेला, त्या वर्षापासून तू वर यायची बंद झालीस. "तुम्ही जावा, दिव्याजवळ कुणीतरी पायजे न्हवं," म्हणायचीस. मी काही विचारलं नाही, विचारण्यासारखं त्यात नव्हतं. विधवेची ओटी भरत नाहीत, आणि वैनीची सासू अजून चांगली खणखणीत होती. पण संध्याकाळी आपण बरोबर घरी निघायचो तेव्हा तुझ्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली असायची. खालच्या बाजूला खण. आणि खण कसला! आमच्यापेक्षा भारीतला, काठ भरलेला.

"वैनीनं दिला?" मी पहिल्या वर्षी विचारलं.

"तर काय."

माझं डोकं लगेच चाललं. सासूच्या नजरेआड वैनी तुला मागच्या जिन्यानं बोलावते आणि गुपचूप देते. आमच्यापेक्षा चांगलं देते. बरोबर आहे, कारखान्याची किल्ली तुझ्याकडं. बंद दिवसांत दिव्यात तेल घालायला तूच जाणार. लग्नकार्य निघालं की वैनीच्या स्वयंपाकघरात लसूण सोलायला तूच. तू आतल्या गोटातली, असं मी मनाशी पक्कं केलं आणि दरवर्षी त्या पिशवीकडं बघून ते आणखी पक्कं होत गेलं. त्याचं मला वाईट वाटतंय असं समजू नकोस. जे दिसलं त्यावरून कुणालाही तेच वाटलं असतं.

मग परसू निवृत्त झाला. मागावरचा माणूस, आपल्याबरोबरच लागलेला. त्याला हार, शाल, फेटा आणि ग्रॅच्युइटीचा चेक. मालकांनी भाषण केलं, परसूच्या बायकोनं डोळे पुसले, सगळ्यांना पेढे. त्याच वर्षी आपल्याला दोघींना वय झालं म्हणून थांबवलं. हार नाही, पेढा नाही. मी ऑफिसात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आमचीबी ग्रॅच्युइटी द्या की."

मालक हसले. "तुमची कसली? तुमचं काम सलग कुठाय? दरवर्षी सणाला जाताय, नंतर येताय."

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. मी तुला ओढत शहापूरच्या वकीलबाईंकडं नेलं. तुझ्या कपाळावर आठी होती. "आपल्या माणसांवर अर्ज करायचा व्हय गं?" बाईंनी तुला समजावलं की हे काही भीक मागणं नाही, कायद्यानं बायामाणसांनाही तेवढाच हक्क आहे, परसूला एक आणि तुम्हाला एक असं करता येत नाही. तू मान डोलावलीस. पण बाहेर आल्यावर म्हणालीस, "वैनीला काय वाटंल?" बघ. मला संशय येणार नाही तर काय होणार?

अर्जाच्या पहिल्या तारखेला मालकांच्या वकिलानं टेबलावर फोटो मांडले. एका वर्षाचा एक. आम्ही बायका ओट्या घेऊन हसतोय. "सर," तो म्हणाला, "हा दरवर्षीचा निरोप. सणापर्यंतचं काम संपलं की या बायकांची ओटी भरून पाठवणी करतात. सणानंतर ज्या येतील त्या नव्यानं लागतात. सलग नोकरी कुणाचीच नाही."

कामगार ऑफिसातले साहेब कन्नड. पण ओटी म्हणजे काय हे त्यांना समजवावं लागलं नाही, त्यांच्याकडं तिला उडी म्हणतात. ते एकेक फोटो उचलून बघत राहिले. माझ्या तर कानातून वाफा निघाल्या. लेकीची ओटी भरून तिला सासरी पाठवतात, म्हणून काय तिचं माहेर तुटतं? मी उभीच राहिले.

"साहेब, परसूलाबी त्याच दिवशी नारळ दिल्ता की! एकाच पोत्यातला! त्याला निरोप दिला न्हाय व्हय?"

"तो पूजेचा प्रसाद," वकील म्हणाला.

म्हणजे बघ आक्का. खाली दिला तर प्रसाद आणि वर दिला तर निरोप. पुरुषाच्या हातात तोच नारळ कामगाराचा आणि बाईच्या ओटीत तोच नारळ हाकलल्याचा. मालक हे ऐकून मान खाली घालतील असं मला एक क्षणभर वाटलं होतं. घातली नाही.

"पण ओटी भरली होती ना?" साहेबांनी मला विचारलं.

"भरली हुती. आमची सगळ्यांची भरली हुती!" मी ओरडलेच. लपवायचं काय होतं त्यात? ते लिहून घेतलं गेलं. मग साहेब तुझ्याकडं वळले. "शेवंताबाई, तुमचीही?"

तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलीस. "काय सांगू साहेब," म्हणालीस आणि गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. तू पुन्हा गप्प. मालक तुझ्याकडं बघून किंचित हसले, आणि ते हसू मी बघितलं. पुढची तारीख पडली.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी तुला धरलं.

"वैनीनं काय दिलं तुला गप्प बसायला?"

तू ग्लास खाली ठेवलास. "काय बोलायलीस सुमे?"

"मग तोंड का उघडलं न्हाय?"

"पुढच्या तारखेला बोलीन."

"आज का न्हाय?"

"आज तू बोललीस न्हवं," एवढंच म्हणालीस. बसमध्ये तू पुढं बसलीस, मी मागं. वडगावात उतरलो तेव्हा तू माझ्यासाठी थांबली नाहीस. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी तुला मालकांच्या घराचा जिना चढताना बघितलं. एकटी, नवी साडी नेसून. म्हटलं, झालं. सौदा झाला. आता ही पुढच्या तारखेला जाऊन अर्ज मागं घेणार आणि मी एकटी तोंडघशी पडणार. मी तुझ्या दारावरून येणं-जाणं बंद केलं. चार दिवसांनी सकाळी तू चहा ठेवायला उठलीस आणि गॅसपाशीच बसून राहिलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला बोलवायला आलेल्या पोरीला मी दोनदा विचारलं, "नक्की व्हय?" त्यावरही माझा विश्वास बसला नव्हता.

तेरावा व्हायच्या आधी वैनी तुझ्या घरी आली. एकटी, चालत. आत आली नाही, उंबऱ्याजवळ टेकली. मी तिला पाणी दिलं, पण आत या म्हटलं नाही.

"शेवंता आलती माझ्याकडं," तीच म्हणाली. "जायच्या आधी."

"ठावं हाय. बघितलंय मी."

"सांगायला आलती. म्हणाली, वैनी, पुढच्या तारखेला मी साहेबास्नी सांगणार हाय, नवरा गेल्यापासनं माझी ओटी तुम्ही कधी भरली न्हाय म्हणून. चारचौघांत तुमचं नाव निघंल. आधी तुमच्या कानावर घालावं, म्हणून आलो."

मला काही उलगडेना. "भरली न्हाय म्हंजे? मागच्या जिन्यानं बोलवून तुम्ही खण देत हुतासा की."

"मी?" वैनी माझ्याकडं बघतच राहिली. "न्हाय गं. सासूबाईंच्या घरात विधवेची ओटी भरायची माझी छाती झाली न्हाय. एकदाबी न्हाय. तीबी कधी काय बोलली न्हाय."

आतून मंगल बाहेर आली. "पण आई दरवर्षी आणायची की. वैनीनं दिलाय म्हणायची. संकेश्वरला माझ्याकडं चार-पाच खण हाईत."

आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसलो. शेवटी मी वैनीला विचारलं, "हे मालकांस्नी सांगितलासा?"

तिनं मान हलवली. सांगितलं होतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ती न्हाय बोलायची. लाज वाटंल तिला."

आता सांग, तुझ्या मयतात आलेलं ते रडू कसलं होतं? मी उगाच कुणावर आळ घेत नाही. पण तू बोलणार नाहीस यावर ज्यांनी भरवसा ठेवला होता, त्यांचा भरवसा त्या दिवशी कायमचा पक्का झाला होता, एवढं मला दिसत होतं.

वैनीवर तरी मी का विश्वास ठेवावा? नवऱ्यानं शिकवून पाठवलं असेल, मला गोंधळात टाकायला. म्हणून मंगलला सांगून संकेश्वरहून एक खण मागवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी शहापूरच्या खडेबाजारात गेले. तिसऱ्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदारानं खण हातात घेतला आणि लगेच ओळखला. "आमच्याकडचाच. वडगावच्या एक आक्का येत्यात, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. भारीतला दावा म्हणत्यात. मालकिणीनं मागवलाय म्हणून सांगत्यात."

मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले. तो पाणी द्यायला लागला. आक्का, पोटच्या पोरीला सांगितलं नाहीस, ते कळू शकतं. मला सांगितलं नाहीस, तेही एकवेळ कळू शकतं. पण ज्या दुकानदाराला तुझं नावही ठाऊक नाही, त्याच्यासमोरही तू वैनीची अब्रू राखलीस. तू तुझ्या पैशानं स्वतःसाठी खण आणत होतीस आणि उपकार तिच्या नावावर लावत होतीस. मला तुझा इतका राग आला, आणि तुझी इतकी आठवण आली, की मी भर बाजारात तोंडाला पदर लावून रडले. गुडघ्याला गुडघा लावून बसत होतो गं आपण. एकदा म्हणायचंस, सुमे, मला त्यांनी वर बोलावलं नाही. काय केलं असतं मी? वर जाऊन वैनीशी भांडले असते. म्हणूनच सांगितलं नसशील.

परतीच्या बसमध्ये मग डोकं सुरू झालं. ओटी म्हणजे निरोप, असं त्यांचं म्हणणं. तर मग तुझा नवरा गेल्यापासून तुला कुणी निरोप दिलाच नव्हता. एकदाही नाही. शिवाय सगळ्या बाया सुट्टीवर असताना तू रोज कारखान्यात होतीस, दिव्यात तेल घालत. तुझ्या नोकरीत खंड पडायला जागाच नव्हती. आणि तुझी नोकरी अखंड, तर तुझ्याबरोबर त्याच दिवशी, त्याच दारातून कामावर येणाऱ्या आमची कशी तुटते? तुला सगळं समजलं होतं. ज्याची तुला इतकी वर्षं लाज वाटली, तेच आता आपल्या सगळ्यांच्या कामाला येणार होतं. आणि मी शहाणीनं साहेबांसमोर उभं राहून आधीच सांगून टाकलं होतं, सगळ्यांची भरली होती. 'आज तू बोललीस न्हवं.' मला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून तू गप्प बसलीस, की पाच पुरुषांसमोर ते तोंडातून निघालं नाही? हे मला कधीच कळणार नाही. दोन्ही असेल.

तारखेला तुझ्या जागी मंगल होती. मी उठून सांगितलं, नवरा गेल्यापासून तुझी ओटी भरलीच नव्हती. त्यांचा वकील लगेच उठला. "गेल्या वेळी याच बाई म्हणाल्या, सगळ्यांची भरली होती."

"तवा मला ठावं नव्हतं."

"आणि आता सोयीचं झाल्यावर ठावं झालं?"

त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. मालकांनी हात जोडले. "साहेब, भरली होती. आमच्या घरात असला भेद न्हाय. घरातलं माणूस होतं ते."

"फोटोत त्या दिसत नाहीत," साहेब म्हणाले.

"फोटोच्या वेळी खाली असंल."

तेवढ्यात दारात वैनी. तारीख मीच तिला सांगितली होती, पण ती येईल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मालक अर्धवट उठले. "तू कशाला आलीस?" ती त्यांच्याकडं न बघता खुर्चीवर बसली. साहेबांनी तिला कन्नडमध्ये विचारलं, तिनं मराठीत उत्तर दिलं.

"शेवंताची ओटी तिचा नवरा गेल्यापासनं मी एकदाबी भरली न्हाय."

"का?"

"ती विधवा हुती म्हणून. माझं चुकलं."

"सणाच्या सुट्टीत त्या येत होत्या?"

"रोज. दिव्याला तेल घालायला."

"आणि नंतर या बाकीच्या? त्यांना नव्यानं कामावर घेत होता?"

"शेवंता कुलूप काढायची आन सगळ्या आत यायच्या. कोण घेतंय नव्यानं? सणाआधी अर्धी राह्यलेली कांडी हुती तिथंच असायची."

साहेबांनी टेबलावरचे फोटो गोळा केले, पत्त्यांसारखे नीट लावले आणि वकिलापुढं सरकवले. "हे घरी न्या," ते म्हणाले. "खंडाचा मुद्दा संपला. परसूला ज्या हिशोबानं दिलं, त्याच हिशोबानं या दोघींचं काढून आणा." मंगलनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

लेखी निकाल अजून यायचा आहे. तो हातात पडेपर्यंत मी कुणाला पेढा देणार नाही, वकीलबाईंनाही सांगून ठेवलंय. ते वरच्या कोर्टात जातील, मुदत मागतील, आणखी काही काढतील. कांड्या भरणाऱ्या बाकीच्या बायका रोज संध्याकाळी माझ्याकडं येऊन विचारतात. मी सांगते, या खंडेनवमीला ओटी घ्या, पण फोटोवाल्याला विचारा, फोटो कशाला काढतोस.

वैनी खरं का बोलली, तेही मला अजून समजलेलं नाही. तुझ्यासाठी, की सासूवरचा राग, की नवऱ्यावरचा? मालकांची गाडी तिला न घेताच निघून गेली. ती आमच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आली. मी बसमध्ये तिच्या शेजारी बसले, बोलले मात्र नाही. तू असतीस तर तिला खिडकीची जागा दिली असतीस.

काल मी तुझ्या घरी गेले होते. मंगल संकेश्वरला परत जायची तयारी करत होती. तुझा फोटो भिंतीला लावलाय, हळदीकुंकवाच्या जागी नुसतं चंदन. मी खाली पाट मांडला, त्यावर फोटो उतरवून ठेवला आणि ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. शेजारची म्हातारी दारातून म्हणाली, "अगं, असं चालत न्हाय." मी म्हटलं, "चालतंय."

खण भारीतला आहे आक्का, काठ भरलेला. वैनीनं दिलेला नाही, मी घेतलाय. विश्वास बसत नसेल तर तुझ्या त्या दुकानदाराला विचार. आणि एक गोष्ट नीट ऐकून ठेव, त्यांच्या वकिलानं काहीही म्हणू दे. ही ओटी आहे. निरोप नाही.